चटणीचा धंदा करायचाय, नोकरी सोडू का?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव त्यांच्या सांगण्यावरून गाळलंय, बाकी मजकूर थोडक्यात असा:

वय ४१. पतसंस्थेत क्लार्क, पगार १४ हजार. मिस्टर कंपनीत आहेत पण कायम नाहीत. मुलगी बारावीला. गेल्या उन्हाळ्यात ओळखीपाळखीत कांदा-लसूण चटणी करून दिली, मार्च ते मे मिळून १४० किलो गेली, ६०० रुपये किलोने. कच्चा माल किलोला ४१० पडतो, म्हणजे १९० सुटतात. सासूबाई आणि त्या मिळून दहा किलोचा घाणा काढतात, दोघींचे मिळून १२ तास जातात. आता स्टँडजवळ गाळा मिळतोय, ९ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट. ४ लाखांचं लोन काढायचंय: मशीन १ लाख २० हजार, डिपॉझिट ५० हजार, फर्निचर आणि बोर्ड ८० हजार, छापील पाकिटं ४० हजार आणि उरलेल्या १ लाख १० हजारात मिरची-मसाला. एक एजंट म्हणतोय ३५ टक्के लोन माफ होतं, फाईल करायचे ८ हजार द्या. दीर १ लाख घालून पार्टनर व्हायला तयार आहेत. पाडव्याला उद्घाटन करायचं मनात आहे. मिस्टर म्हणतात, नोकरी धरून अर्धवट मनाने धंदा होत नाही. "ताई, उडी मारू का नको?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि पहिलं काय वाटलं असेल तर आनंद वाटला, कारण इथे धंद्याबद्दल जी पत्रं येतात त्यातल्या बऱ्याच पत्रांमध्ये फक्त स्वप्न असतं, आकडे नसतात. तुम्ही आकडे लिहिलेत. १४० किलो चटणी नोकरी सांभाळून, बारावीची मुलगी घरात असताना करणं आणि सगळी विकून मोकळं होणं ही साधी गोष्ट नाही, तुमच्या हाताला चव आहे हे लोकांनी पैसे देऊन सांगितलंय. म्हणून तुमच्याच आकड्यांवर बोलते. वाचताना थोडं लागेल, पण शेवटपर्यंत वाचा, कारण मी तुम्हाला धंदा करू नका असं सांगणारच नाहीये.

आधी ते १९० रुपये बघू. ४१० मध्ये तुम्ही मिरची, कांदा, लसूण, खोबरं, धने, तीळ, खडा मसाला, तेल हे धरलं असणार. मिरची देठासकट येते ना? देठ काढले, ओलसर असली तर वाळून घटली, कांडपावर थोडी उडाली, डब्याला लागली, हे सगळं किलोमागे २५ रुपये तरी धरा. कांडपाचे ३५. भाजायला-तळायला गॅस १५, आणि हे मी बेतानेच धरतेय, कारण धंद्यासाठी घरचा लाल सिलिंडर वापरता येत नाही, तो १९ किलोचा कमर्शियल घ्यावा लागतो. पाऊच आणि स्टिकर १४. पोचवायला पेट्रोल नाहीतर रिक्षा, १०. बेरीज ९९. (माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या गावचे दर घालून परत बेरीज करा.) म्हणजे १९० मधले ९१ उरले. गेल्या उन्हाळ्यात तुम्हाला वाटलं २६ हजार ६०० कमावले, प्रत्यक्षात १२ हजार ७४० च्या आसपास सुटले असावेत, आणि बाकीचे कुठे गेले हे कळलं नाही कारण ते घरखर्चातूनच गेले, गॅस घरचा, पेट्रोल गाडीत होतंच.

अजून एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. ते १२ तास. पतसंस्थेत महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास धरले तर तुम्हाला तासाला ६७ रुपये पडतात. १२ तासांचे ८०४, म्हणजे किलोला ८० रुपये. ९१ मधून ८० गेले, उरले ११. एवढ्या उन्हात, शिंका नि खोकला काढत, हाताची आग सहन करत केलेल्या एक किलो चटणीमागे ११ रुपये! आणि त्या १२ तासातले निम्मे सासूबाईंचे आहेत. त्या आनंदाने करतात हे मला पत्रावरून कळतंय, पण उद्या त्यांचे गुडघे दुखायला लागले की तिथे बाई ठेवावीच लागेल आणि ती पैसे घेणारच, त्यामुळे त्यांची मजुरी हिशोबात आजपासून लिहायची, त्यांच्या हातात दिलीत तर आणखी चांगलं.

माझ्या आत्याने पोळी-भाजीचे डबे चालू केले होते, पुष्कळ वर्षांपूर्वी. शेजारच्या मेसपेक्षा दहा रुपये कमी असा भाव लावला, कारण आपलं घरचंच आहे, भाडं कुठे द्यायचंय. डबे भराभर वाढले, दहाचे पंचवीस झाले. आत्या पहाटे चारला उठायची आणि महिनाअखेरीला डब्यात पैसे का राहत नाहीत हे कोणालाच कळत नव्हतं, घरातले म्हणायचे अजून डबे वाढव मग परवडेल. पण एका डब्यावर तोटा असेल तर पन्नास डब्यांवर तो पन्नास पट होतो, एवढं साधं गणित आम्हाला कोणाला दिसलं नाही. तीन वर्षांनी मनगटं गेली तिची. तिला कोणी पहिल्या महिन्यात वही घेऊन बसवलं असतं तर वाचली असती, असं मला अजून वाटतं, म्हणूनच तुम्हाला एवढं तपशिलात लिहितेय.

तर भाव वाढवायला लागणार. ७०० करा. तुम्ही म्हणाल गिऱ्हाईक तुटेल. थोडं तुटेल, तुटू दे. ६०० ला घेणारी काही माणसं ६०० मुळे घेत होती, काही चवीमुळे घेत होती, यातली कोण कोणती हे कळायला दुसरा मार्ग नाही. आणि दुकानात चटणी ठेवायचा विचार असेल तर हे बघा: किराणावाला वीस टक्के मागतो, ६०० वर ते होतात १२०, आणि तुमचे सुटतात ९१. म्हणजे एक किलो विकली गेली की तुमच्या खिशातून २९ जाणार. वर तो पैसे दोन महिन्यांनी देणार आणि न खपलेला माल परत करणार. कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसात द्यावे लागतात, २००६ चा कायदा आहे आणि उद्यमची, म्हणजे सरकारकडे छोटा उद्योग म्हणून केलेली, नोंदणी असली तर सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते, पण खरं सांगा, गल्लीतल्या दुकानदारावर ४ हजारांसाठी तुम्ही तक्रार टाकाल का? नाही टाकणार. मग पहिल्यापासून रोखीनेच द्यायचं, थोडी कमी पाकिटं ठेवायची, पण रोखीने.

आता गाळा. तुम्ही असं धरून चाललाय की गाळा घेतला, बोर्ड लावला की धंदा सुरू झाला. महिन्याचा खर्च मांडू. भाडं ९ हजार, लाईटबिल अडीच हजार, एक बाई मदतीला ८ हजार, आणि ४ लाखांचा हप्ता ११ टक्क्याने पाच वर्षांचा धरला तर ८ हजार ७०० च्या आसपास. झाले २८ हजार २००. मशीन आपलं असेल तर कांडपाचे ३५ वाचतील, म्हणून किलोमागे ९१ ऐवजी १२६ धरू. नुसता खर्च निघायला महिन्याला २२४ किलो चटणी विकायला पाहिजे. नोकरी सोडल्यावर जाणारे १४ हजार त्यात मिळवले तर ३३५ किलो. दर महिन्याला, पावसाळ्यातसुद्धा. आणि तुम्ही अख्ख्या सीझनला विकलीत १४०.

हेच घरांमध्ये मोजू, मला ते जास्त कळतं. आपल्याकडे एका कुटुंबाला वर्षाची चटणी चार-पाच किलो लागते. १४० किलो म्हणजे तीस-बत्तीस घरं. २२४ किलो महिन्याला म्हणजे वर्षाला सहाशे घरं लागतील. तीस घरं ओळखीतून मिळतात हो, नणंद, मावशी, पतसंस्थेतल्या मैत्रिणी, त्यांच्या बहिणी. सहाशे घरं ओळखीतून मिळत नाहीत.

आणि ही सहाशे घरं आहेत कुठे? तुमच्या गावात मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर बघा, प्रत्येक घरावर मिरची वाळत असते. तिथल्या बायका चटणी विकत घेत नाहीत, त्या फक्त कांडून आणतात. तयार चटणी विकत घेणारा कोण? ज्याला गच्ची नाही, वेळ नाही, आणि जिभेला गावची चव आठवते तो. तो पुण्यात आहे, पिंपरी-चिंचवडला आहे, ठाण्या-डोंबिवलीला आहे, फ्लॅटमध्ये राहतो, आणि तो वर्षाची पाच किलो एकदम नाही घेत, अर्धा-अर्धा किलो बारा महिने घेतो. स्टँडजवळचा गाळा त्याच्या काय कामाचा? सुट्टीला आलेला माणूस जाताना दोन पाकिटं घेईल हे खरं, पण त्याच्यासाठी महिना ९ हजार भाडं देण्यापेक्षा स्टँडवरच्या एखाद्या चालत्या दुकानात रोखीने वीस पाकिटं ठेवून महिनाभर बघा ना. खपली तर कळेल की जागेत दम आहे. गाळा घेण्याच्या आधीच कळेल.

मशीनचंही तेच. कांडपाचे ३५ रुपये वाचवायला १ लाख २० हजारांचं मशीन. साडेतीन हजार किलो कांडल्यावर त्याचे पैसे फिटणार, तुमच्या आजच्या वेगाने पंचवीस वर्षं लागतील. हां, गावातल्या लोकांची मिरची कांडून द्यायची असेल तर गणित बदलतं, पण तो वेगळा धंदा आहे, चटणीचा नाही. त्याला सीझनचे दोन-अडीच महिने पहाटेपासून रांग, लाईटचं वेगळं कनेक्शन, शेजाऱ्यांच्या नाकात जाणारा मिरचीचा ठसका आणि आधीच बसलेले दोन-तीन कांडपवाले, हे सगळं येतं. तो करायचा तर करा, पण वेगळी वही घालून त्याचा हिशोब करा. चटणीसाठी मशीन घेतलं आणि कांडपाने हप्ता फेडू असं मनात दोन्ही एकत्र करू नका, तिथेच माणूस फसतो.

तुमच्या ४ लाखांच्या यादीत मला एक गोष्ट फार खुपली, ती सांगू का? चार लाखांतले चटणीत किती जाणार, तर १ लाख १० हजार. बाकी सगळे भिंतीला, लोखंडाला आणि कागदाला. आणि १ लाख १० हजारात ४१० च्या भावाने होते २६८ किलो, म्हणजे एका महिन्याचा खर्च निघेल एवढीच. पुढच्या महिन्याची मिरची कशातून आणणार? उधारीवर विकली असेल तर पैसे आलेले नसणार. नवीन धंदे बहुतेक वेळा असेच अडकतात, दुकान चकाचक आणि माल घ्यायला पैसे नाहीत. तुमच्या धंद्यात तर हे जास्तच, कारण मिरची नवीन असते तेव्हाच, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, चांगली नि त्यातल्या त्यात बऱ्या भावात मिळते, तेव्हा हातात रोकड पाहिजे. ब्याडगी रंगाला, गुंटूर नाहीतर लवंगी तिखटाला, हे तुम्हाला मी काय सांगणार, पण नंतर त्याच मिरचीचा भाव कुठे जाईल हे कोणाच्या हातात नसतं.

छापील पाकिटं तर आत्ता अजिबात नको. छपाईवाला हजारोंच्या खाली करत नाही, आणि मग नाव बदललं, पत्ता बदलला, किंमत बदलली की ती पोती माळ्यावर. साधे चेन असलेले जाड पाऊच आणि वर स्टिकर. स्टिकरवर काय हवं ते मात्र सोडू नका: नाव-पत्ता, फोन, काय काय घातलंय, वजन, किंमत, कधी केली, कधीपर्यंत चांगली, बॅच नंबर, तो हिरवा ठिपका, आणि फूड लायसन्सचा १४ आकडी नंबर. ही एफएसएसएआयची नोंदणी घरच्या पत्त्यावर होते, ऑनलाइन होते, छोट्या उलाढालीला फी किरकोळ असते, आणि ओळखीत विकलं तरी ती लागते, म्हणून पुढच्या घाण्याच्या आधी करून टाका. नावाबद्दल एकच, की स्टिकर छापायच्या आधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर ते नाव मसाल्यात कोणी घेतलंय का ते बघा, मसाला ३० नंबरच्या वर्गात येतो. शोधायला पैसे पडत नाहीत.

जीएसटीला घाबरू नका, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. फक्त बंगळूर-हैदराबादला पार्सल पाठवून विकायला लागलात की लागते, उलाढाल कितीही छोटी असू दे. तेवढं आधी सीएला विचारा.

"कधीपर्यंत चांगली" हे लिहिताना अंदाजाने लिहू नका ही विनंती. चटणीत खोबरं आहे, तेल आहे, खवट होते, रंग उतरतो. वर्षाची चटणी घरी बरणीत टिकते म्हणून पाऊचमध्येही टिकेल असं नाही. आत्ताच पाच-सहा पाऊच बांधून कपाटात ठेवा, दर महिन्याला एक उघडायचं, वास घ्यायचा, चव बघायची, वहीत तारीख लिहायची. जोराने विकायला लागण्याच्या आधी एकदा मान्यता असलेल्या लॅबमधून टेस्ट करून घ्या, एका खवट पाकिटाने पुण्यातला अख्खा व्हॉट्सअॅप ग्रुप जातो.

आता लोन आणि एजंट. उद्यमची नोंदणी फुकट आहे, पीएमईजीपीसारख्या (नवीन उद्योगाला कर्ज आणि अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या) योजनेचा अर्ज ऑनलाइन आहे आणि त्याला मध्यस्थ लागत नाही. ८ हजार कशाचे? आणि "३५ टक्के माफ" हे शब्द त्याने मुद्दाम गोड केलेत. ग्रामीण भागातल्या महिलेला पीएमईजीपीत ३५ टक्के अनुदान असतं ते खरं, शहरी भाग असेल तर २५, पण ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत. बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं अडकवून ठेवतात, युनिट नीट चालू आहे हे बघतात आणि मग कर्जात वळते करतात. दीड वर्षात धंदा बंद पडला तर ती ३५ टक्क्यांची गोष्ट संपली, आणि कर्ज तुमच्या डोक्यावर. म्हणून अनुदान मिळतंय या कारणासाठी प्रोजेक्ट मोठा करू नका, गरज दीड लाखाची असताना चार लाखांचा करायला लावणारे पुष्कळ भेटतात. साताऱ्याला जिल्हा उद्योग केंद्रात एकदा स्वतः जा, आत्ता कुठली योजना चालू आहे तिथेच विचारा. प्रत्येक जिल्ह्यात लीड बँकेची आरसेटी नावाची प्रशिक्षण संस्था असते, तिथे उद्योगाचं ट्रेनिंग फुकट मिळतं, त्याचीही चौकशी करा. आणि पुढे खरंच पैसे लागले तर मुद्रा योजनेत तारण न ठेवता मिळतात, ५० हजारांपर्यंतचं शिशू लोन तुमच्यासारख्यांसाठीच आहे. त्या ५० हजारात चटणी होते, गाळा होत नाही, म्हणून मला ते जास्त आवडतं.

दिरांबद्दल जपून लिहिते कारण घरातला मामला आहे. त्यांची भावना चांगलीच असणार. पण तुम्ही लिहिलंय "पार्टनर" आणि पुढे काहीच नाही, कोणाचा किती वाटा, काम कोण करणार, तोटा झाला तर काय. आपला भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे आणि त्यात असं आहे की काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा. म्हणजे रोज आठ तास चुलीपाशी तुम्ही, आणि एकदा लाख रुपये दिलेले ते, दोघांना निम्मं-निम्मं. आणि धंद्याचं देणं भागीदारांच्या घरादारापर्यंत येतं, दोघांच्याही. त्यांना मदत करायचीच असेल तर उसने म्हणून द्या म्हणावं, कागदावर लिहून, व्याज ठरवून, परत कधी करायचे ते ठरवून. कागद केला की नातं दुरावतं असं म्हणतात, मी तर उलटंच जास्त बघितलंय, जाऊ-जाऊ बोलत नाहीत त्यामागे न केलेला कागद असतो.

मिस्टरांचं म्हणणं, की अर्धवट मनाने धंदा होत नाही. मन अर्धवट नको हे बरोबर आहे. पण नोकरी म्हणजे अर्धवट मन नाही ना, नोकरी म्हणजे घरात येणारे १४ हजार. त्यांची स्वतःची नोकरी कायम नाही, मुलीची ॲडमिशन चार-सहा महिन्यांवर आलीय. घरात दुसरा भरवशाचा पैसा नसताना तुमच्या चटणीने पहिल्या महिन्यापासून घर चालवलंच पाहिजे असं ओझं तिच्यावर टाकलं, तर काय होतं माहितीये? माणूस घाबरून भाव उतरवतो, उधारी देतो, हलकी मिरची आणतो. चव जाते. तुमच्याकडे चव हेच भांडवल आहे आणि तुमची नोकरीच ती चव सांभाळतेय, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.

लिज्जत पापड आठवा. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी काय केलं, तर एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला, पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह. मला या गोष्टीत हे महत्त्वाचं वाटतं की आधी काम केलं, काम कुठे अडतं ते कळलं, मग त्या अडचणीपुरती वस्तू घेतली. तुमचं काम आत्ता कुठे अडतंय? कांडपावर अडत नाहीये, जागेवर अडत नाहीये. तीस घरांच्या पलीकडचं गिऱ्हाईक माहीत नाही, तिथे अडतंय. गाळा त्याला उपाय नाही.

म्हणून यंदाचा सीझन असा करून बघा. नोकरी चालू. गाळा नको, मशीन नको, कांडप बाहेरून. भाव ७००. फेब्रुवारीतच व्हॉट्सअॅपवर ऑर्डर घ्या आणि निम्मे पैसे आगाऊ, "मिरची घ्यायचीय" असं सरळ सांगा, ज्यांना हवी ते देतात. त्या पैशात आणि तुमच्या गेल्या वर्षीच्या शिलकीत मिरची घ्या, म्हणजे लोन लागणारच नाही किंवा अगदी थोडं लागेल. यंदा २५० किलोपर्यंत जा, त्यापुढे नाही, कारण त्यापुढे तुमचे हात पुरणार नाहीत. त्यातली ५० किलो बाजूला काढून पाव आणि अर्ध्या किलोच्या पाकिटात पुण्या-मुंबईकडे पाठवा, नात्यातल्या माणसाला खायला नाही, त्याच्या सोसायटीत विकायला, आणि त्यालाही पाकिटामागे काहीतरी द्या. गावातला बचत गट प्रदर्शनाला जात असेल तर त्यांच्या टेबलावर जागा मागा, तिथे अनोळखी माणूस तोंडावर सांगतो की तिखट आहे, मीठ जास्त आहे, ते ऐकून घ्या आणि लिहून ठेवा. धंद्यासाठी बँकेत वेगळं खातं आणि त्याचाच क्यूआर कोड, घरातल्या दुधाचे पैसे त्यातून द्यायचे नाहीत, आणि मुलीच्या फीला कमी पडले तरी त्यातून उचलताना वहीत "उचल" म्हणून लिहायचं. एक वही गिऱ्हाइकांची: कोण, किती, कधी, आणि सगळ्यात शेवटच्या रकान्यात, परत मागितली का. तो रकाना माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. ओळखीचा माणूस पहिलं पाकीट तुमच्यासाठी घेतो, दुसरं चटणीसाठी.

पाडव्याचा मुहूर्त मी मोडतेय असं वाटेल, पण पाडवा ऐन चटणीच्या दिवसांत येतो. त्या दिवसांत तुम्ही मिरचीपाशी पाहिजे, का गाळ्यातल्या सुताराच्या मागे? पाडव्याला पहिल्या घाण्याची पूजा करा आणि वही उघडा, तोही मुहूर्तच झाला. गाळामालक म्हणेल आत्ता नाही घेतला तर जाईल. जाऊ दे. पुढे कधी घेतलात तर लिव्ह-लायसन्स रजिस्टर करूनच घ्या, आणि मधेच सोडावा लागला तर डिपॉझिटचं काय, किती महिने बांधून घेतलंय, हे सही करण्याच्या आधी वाचा.

मग पुढच्या जानेवारीत वही घेऊन बसा, तुम्ही, मिस्टर आणि सासूबाई. साठ-सत्तर घरं झाली का, त्यातली निम्मी नात्याबाहेरची आहेत का, पावसाळ्यात आणि दिवाळीला पुण्याकडून परत ऑर्डर आली का, सगळी मजुरी धरून किलोमागे ५०-६० रुपये हातात राहिले का, आणि नोकरीशिवाय सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक आहे का. हो असेल तर नोकरी सोडायचं बोलू. तीनच हो असतील तर आणखी एक सीझन असंच. आणि कदाचित असंही दिसेल की वर्षाला तीनशे किलो, नोकरी सांभाळून, वीस-पंचवीस हजार वरचे, हेच तुम्हाला नि घराला झेपतंय आणि आवडतंय. तेवढ्यावर थांबलात तरी ते कमी नाही, कोणी कमी म्हणालं तरी.

एजंटला ८ हजार देऊन झाले नसतील अशी आशा करते. दिले असतील तर पावती मागा आणि अर्ज खरंच टाकलाय का, नंबर काय, ते विचारा. आणि ती पहिली बेरीज, तुमच्या गावच्या दराने केलेली, मला नक्की पाठवा, ७०० बरोबर आहे का अजून थोडे वाढवायला पाहिजेत ते आपण बघू.